वाकळ: घरची शिलाई आणि मजुरीची शिलाई

वाकळ किंवा गोधडी म्हणजे जुन्या कापडाचे अनेक थर एकमेकांवर पसरून आणि ते धावदोऱ्याच्या टाक्यांनी एकजीव करून तयार केलेले अंथरूण-पांघरूण होय. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत गोधडी हा शब्द रूढ असला, तरी सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या ग्रामीण बोलीत वाकळ हाच शब्द अधिक ऐकू येतो. सातारा जिल्ह्यातील म्हसवड आणि त्याभोवतीचा माणदेश हा या परंपरेचा एक प्रदेश आहे. वाकळ घरातील स्त्रियांनी हाताने शिवावी, की मजुरी देऊन दुसऱ्याकडून हाताने किंवा यंत्रावर शिवून घ्यावी, असे दोन मार्ग आज उपलब्ध आहेत. या दोन मार्गांत वेळ, खर्च, टिकाऊपणा, ऊब आणि श्रमाचे मोल या बाबतींत जो फरक पडतो, त्याची माहिती या लेखात दिली आहे.

नावे आणि संबंधित शब्द

संस्कृतात चिंध्या जोडून केलेल्या वस्त्राला कंथा म्हणतात. बंगालमधील कांथा हे नाव याच शब्दाशी निगडित आहे. हिंदीत गुदडी, उत्तर कर्नाटकात कौदी, बिहारमध्ये सुजनी आणि सिंध-राजस्थानच्या पट्ट्यात रल्ली या नावांनी अशीच वस्त्रे ओळखली जातात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया शिवतात त्या प्रकाराला कवंद म्हणतात. मराठीत तान्ह्या मुलासाठी शिवलेल्या लहान, मऊ गोधडीला दुपटे म्हणतात.

या कामाचे स्वतःचे शब्दभांडार आहे. फाटक्या जागी वरून लावलेला तुकडा म्हणजे ठिगळ. लुगडे मधोमध विरले, की तो भाग काढून टाकून उरलेले दोन चांगले तुकडे जोडतात, त्याला दंड घालणे म्हणतात. थर सरकू नयेत म्हणून आधी घातलेले मोठे, सैल टाके म्हणजे कच्चे टाके, आणि यंत्रावरची शिलाई म्हणजे टीप. संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांना त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळे गोधडे महाराज असेही म्हटले जाई. टाकाऊ चिंधीला उपयोग आणि मान देण्याची वृत्ती या नावातून दिसते.

माणदेशातील स्थान

म्हसवड हे माणगंगा नदीच्या काठी वसलेले, माण तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव आहे. सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या देवस्थानामुळे आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या रथयात्रेमुळे ते सर्वत्र परिचित आहे. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस कमी आणि अनिश्चित असल्याने शेतीचे उत्पन्न बेताचे, आणि त्यामुळे कापड ही सहज टाकून देण्याची वस्तू येथे कधीच नव्हती. लुगडे अंगावर विरले, की त्याचा दंड होई, दंडही विरला की त्याची वाकळ होई आणि जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात थर म्हणून जाई.

कोरड्या हवेमुळे येथे हिवाळ्याच्या रात्री चांगल्याच गार असतात. पावसाच्या आणि रानातल्या वाऱ्याच्या आडोशासाठी मेंढीच्या लोकरीची घोंगडी, तर घरात जमिनीवर अंथरण्यासाठी आणि पांघरण्यासाठी वाकळ, अशी साधारण विभागणी असे. मेंढरे घेऊन दूर जाणारे धनगर, साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जाणारे मजूर, मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेले चाकरमानी आणि खानापूर-आटपाडी भागातून देशभर पसरलेले सोन्या-चांदीचे गलाई कारागीर यांच्यासारख्या गाव सोडून जाणाऱ्यांच्या गाठोड्यातही वाकळ असे.

वाकळीचे वेळापत्रक शेतीला बांधलेले आहे. सुगी संपून शेतातली कामे थंडावली, की चैत्र-वैशाखात दुपारच्या वेळी शिवण निघते. नवरात्रापूर्वी घर सारवून, झाडून स्वच्छ करण्याच्या कामाला या भागात दसरा काढणे म्हणतात. त्या वेळी घरातल्या सगळ्या वाकळा नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर नेऊन धुतल्या जातात. भिजलेली वाकळ एकट्या माणसाला उचलत नाही. शिलाई कच्ची असेल तर ती या वार्षिक धुण्यातच उघडी पडते.

कापडाचा हिशेब

नऊवारी लुगडे नऊ वार, म्हणजे २७ फूट लांब असते. सहा फूट लांबीची वाकळ करायची झाल्यास एका लुगड्यातून चार पूर्ण थर निघतात आणि तीन फुटांचा तुकडा उरतो. साडेपाच मीटरची, म्हणजे सुमारे १८ फुटांची साडी असेल तर तीन थर मिळतात. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच धरला, तर एका माणसाला पुरेशी अशी ७२ इंच लांब आणि ४५ इंच रुंद वाकळ जोड न घालता तयार होते. दोघांसाठी रुंद वाकळ हवी असल्यास दोन पन्हे जोडावे लागतात.

वरच्या आणि खालच्या बाजूस त्यातल्या त्यात धड कापड घेतात, कारण घर्षण त्यालाच सोसावे लागते. पोटातल्या थरांत धोतर, सदरे, परकर, फाटकी चादर असे काहीही चालते. मात्र सदऱ्याची बटणे, कॉलर आणि जाड शिवणी आधी काढून टाकतात. त्या तशाच राहिल्या तर झोपताना टोचतात आणि सुईही अडते. काठ-पदर फेकून न देता कडेच्या पट्टीसाठी वापरण्याची पद्धत आहे.

हाताची शिलाई

जमीन सारवून किंवा पुसून खालचे कापड ताणून पसरतात. त्यावर एकेक थर हाताने सपाट करीत ठेवतात आणि शेवटी वरचे कापड अंथरून कडा आत दुमडतात. कच्चे टाके घालून झाले, की एका कोपऱ्यापासून धावदोरा सुरू होतो. शिवणारी स्त्री वाकळीवरच बसते आणि कडेकडेने पुढे सरकते. कोपरा आला की वळते आणि पहिल्या रेषेच्या आत दुसरी रेष धरते. अशा रीतीने एकात एक बसणारे आयताकृती फेरे तयार होत आत आत जातात. ७२ बाय ४५ इंचांच्या वाकळीत रेषांमधले अंतर एक इंच ठेवले तर सुमारे २२ फेरे होतात आणि शेवटची रेष मध्यभागी साधारण २७ इंच लांबीची उरते.

या मांडणीमागे सोय आहे. कापड जमिनीवर स्थिर राहते आणि हात त्याभोवती फिरतो. त्यामुळे वाकळ कितीही मोठी असली तरी ती उचलावी, गुंडाळावी किंवा वळवावी लागत नाही. दोन-तीन जणी निरनिराळ्या बाजूंना बसून एकाच वेळी शिवू शकतात. शेजारणी सावडीने, म्हणजे आज एकीचे तर उद्या दुसरीचे काम करून, एकमेकींना हातभार लावतात. कडेकडून आत येताना थरांतले ढिले कापड मध्यभागी साचून फुगवटा येण्याचा मात्र संभव असतो. म्हणून प्रत्येक फेऱ्यानंतर हाताने कापड मध्यापासून बाहेर सारीत जावे लागते.

यंत्राची शिलाई

शिंप्याकडे किंवा घरोघरी असलेल्या साध्या शिलाई यंत्रावरही वाकळ शिवली जाते. शहरांतून आणि मोठ्या गावांतून गाडीवर यंत्र घेऊन फिरणारे कारागीर जुन्या साड्या घेऊन दारातच गोधडी शिवून देतात. यंत्राची मुख्य अडचण म्हणजे सुई आणि यंत्राचा उभा खांब यांमधली जागा. साध्या यंत्रात ती सहा-सात इंचांच्या आसपास असते. ४५ इंच रुंदीच्या वाकळीची मधली रेष शिवताना निम्मी रुंदी, म्हणजे साडेबावीस इंच जाडजूड कापड, गुंडाळी करून या अरुंद जागेतून न्यावे लागते. म्हणून जाणता कारागीर मधल्या रेषेपासून सुरुवात करून बाहेर येतो. हाताच्या शिलाईचा क्रम नेमका याच्या उलट असतो.

याच कारणाने यंत्रावरच्या वाकळीत बहुधा सरळ समांतर रेषा किंवा चौकटी दिसतात. एकात एक फेरे घालायचे तर प्रत्येक कोपऱ्यावर सगळी गुंडाळी फिरवावी लागेल, आणि ते फार जिकिरीचे असते. त्यामुळे रेषांची ठेवण पाहूनही वाकळ हाताची की यंत्राची, याचा बराचसा अंदाज येतो.

टाक्यांतही फरक आहे. धावदोरा एकाच दोऱ्याचा असतो आणि तो कापडाच्या खालीवर जातो. यंत्राची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनमधला दोरा एकमेकांत अडकून ती पडते. टीप घट्ट आणि बारीक असल्याने थर चांगले दाबले जातात, पण विरलेल्या कापडात जवळजवळ पडलेली भोके पुढे फाटण्याची रेष ठरू शकतात. धावदोऱ्याचे टाके मोठे आणि किंचित सैल असल्याने जुने कापड ओढले गेले तरी त्याला थोडी सवड मिळते. दोरा तुटलाच तर तेवढा भाग घरी पुन्हा शिवता येतो.

लाँगआर्म यंत्र

अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि जपानमध्ये क्विल्ट शिवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तेथे वरचे ठिगळकाम घरी करून तीन थर एकत्र शिवण्याचे काम लाँगआर्म यंत्र असलेल्या व्यावसायिकाकडे देण्याची पद्धत रूढ आहे. लाँगआर्म म्हणजे लांब हाताचे यंत्र. त्यात सुई आणि खांब यांमधली जागा सुमारे १८ ते ३० इंच असते. कापड दहा-बारा फूट लांबीच्या चौकटीवर रुळांना ताणून लावतात, आणि यंत्राचे डोके चाकांवर त्या कापडावरून फिरवतात. म्हणजे कापड स्थिर आणि सुई फिरती. जमिनीवर वाकळ पसरून तिच्यावरून सरकत जाणाऱ्या माणदेशी स्त्रीची रीत तत्त्वतः हीच आहे.

तेथील मजुरीच्या दोन प्रथा येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, मजुरी बहुधा क्षेत्रफळावर आणि नक्षीच्या दाटपणावर ठरते. नगावर एकच दर नसतो. दोन, प्रदर्शनात क्विल्ट मांडताना ठिगळकाम कोणाचे आणि शिलाई कोणाची, ही दोन्ही नावे वेगवेगळी लिहितात.

श्रमाचा हिशेब

हाताच्या वाकळीला किती वेळ लागतो, हे रेषांमधल्या अंतरावर अवलंबून असते. ७२ बाय ४५ इंचांच्या वाकळीचे क्षेत्रफळ ३,२४० चौरस इंच होते. रेषांमध्ये एक इंच अंतर ठेवल्यास एकूण ३,२४० इंच, म्हणजे सुमारे ८२ मीटर शिलाई घालावी लागते. अंतर अर्धा इंच केले तर ही लांबी दुप्पट होऊन ६,४८० इंच, म्हणजे सुमारे १६५ मीटर होते. इंचाला तीन टाके धरले, तर पहिल्या वाकळीत ९,७२० आणि दुसरीत १९,४४० टाके पडतात.

जाड थरांतून मिनिटाला पाच इंच शिलाई होते असे उदाहरणादाखल मानले, तर एक इंची वाकळीला सुमारे पावणेअकरा तास आणि अर्धा इंची वाकळीला सुमारे साडेएकवीस तास लागतात. आठ तासांचा दिवस धरता हे काम अनुक्रमे सव्वा ते दीड आणि अडीच ते पावणेतीन दिवसांचे ठरते. कापड धुणे, उसवणे, पसरणे आणि कच्चे टाके घालणे यांचा वेळ निराळा. यंत्रावर मिनिटाला ६०० टाके आणि इंचाला आठ टाके या हिशेबाने मिनिटाला ७५ इंच टीप पडते. त्या गतीने एक इंची वाकळ पाऊण तासात आणि अर्धा इंची वाकळ दीड तासाच्या आत होते. गुंडाळी सावरण्याचा आणि बॉबिन बदलण्याचा वेळ त्यात मिळवावा लागतो, तरीही हात आणि यंत्र यांतले अंतर मोठेच राहते.

मजुरीचा प्रश्न

घरी शिवलेली वाकळ फुकट पडते, असा सर्वसाधारण समज आहे. दोरा-सुईखेरीज रोख खर्च होत नाही, हे खरे. पण वर दाखवल्याप्रमाणे दाट शिलाईच्या एका वाकळीत शेतमजुरीच्या अडीच-पावणेतीन दिवसांइतके काम असते. ते दुपारच्या रिकाम्या वेळात, तुकड्यातुकड्याने होत असल्याने मोजले जात नाही. डोळ्यांवर येणारा ताण, वाकून बसल्याने धरणारी पाठ आणि सुईने टोचलेली बोटे यांचीही गणती होत नाही.

मजुरीने वाकळ शिवून देणाऱ्या स्त्रियांचे नुकसान याच समजातून होते. दर नगावर ठरला आणि रेषांचे अंतर ठरले नाही, तर दाट शिलाई करणारीला दुप्पट काम करूनही तेवढीच मजुरी मिळते. यंत्राच्या वाकळीचा दर हाताच्या वाकळीला लावला, तर तिचा एका दिवसाचा मोबदला शेतमजुरीच्याही खाली जातो. लांबी-रुंदी, थरांची संख्या, रेषांमधले अंतर आणि दोरा कोणाचा, या चार गोष्टी आधी ठरवल्यास दोन्ही पक्षांना हिशेब स्पष्ट राहतो.

म्हसवडमध्ये या प्रश्नाला विशेष संदर्भ आहे. ग्रामीण स्त्रियांनी ग्रामीण स्त्रियांसाठी चालवलेली माणदेशी महिला सहकारी बँक चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये येथेच सुरू झाली. संस्थापक सभासदांपैकी अनेक जणी निरक्षर असल्याच्या कारणावरून बँकेच्या परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्यानंतर गावातील स्त्रिया लिहा-वाचायला शिकल्या, आणि तोंडी हिशेबात आपण कोणाहून कमी नाही हे त्यांनी दाखवून दिले. स्त्रीच्या हातचे काम आणि तिची बचत मोजण्याजोगी आहे, हा विचार या परिसरात त्यामुळे रुजला. वाकळीची शिलाई त्याच मोजणीत यावयास हवी.

तुलना

वेळ: हाताच्या शिलाईला दिवस लागतात, यंत्राला काही तास.

रोख खर्च: घरच्या शिलाईत फक्त दोरा-सुई. मजुरीत आकार, थर आणि दाटपणा यांनुसार रक्कम.

ऊब: थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे वाकळ उबदार होते. सैल शिलाईत हवा अधिक राहते. फार दाट शिलाईत थर दाबले जाऊन वाकळ चपटी, पण भक्कम होते. म्हणून पांघरण्याच्या वाकळीला विरळ आणि अंथरण्याच्या वाकळीला दाट शिलाई सोयीची पडते.

टिकाऊपणा: कापड नवे आणि मजबूत असेल तर यंत्राची टीप अधिक काळ टिकते. कापड जुने, विरलेले असेल तर धावदोरा त्याला अधिक सांभाळून घेतो.

दुरुस्ती: हाताची वाकळ घरी सहज दुरुस्त होते. यंत्राची टीप एका जागी तुटली तर तेथेही हातानेच टाके घालावे लागतात.

मांडणी: हाताने फेरे, ठिगळे, रंगांची जुळणी हवी तशी करता येते. साध्या यंत्रावर सरळ रेषाच सोप्या पडतात.

कापडातील बदल

सुती लुगड्यांची जागा आता बहुतांशी कृत्रिम धाग्यांच्या साड्यांनी घेतली आहे. या साड्यांचा रंग टिकतो आणि त्या लवकर फाटत नाहीत. पण त्या घाम शोषीत नाहीत, निसरड्या असल्याने थर सरकतात आणि विस्तवाजवळ वितळतात. त्यामुळे तान्ह्या मुलाच्या दुपट्यासाठी आणि चुलीजवळ झोपणाऱ्या घरांत सुती कापडच योग्य ठरते. सुती आणि कृत्रिम थर एकत्र आले, तर धुतल्यावर सुती थर आटतो, कृत्रिम आटत नाही आणि वाकळीला सुरकुत्या पडतात. नवे सुती कापड म्हणूनच शिवण्यापूर्वी एकदा भिजवून वाळवतात. निसरड्या साड्यांना हाताने शिवताना कच्चे टाके जवळजवळ घालावे लागतात. यंत्राची टीप अशा कापडावर चांगली बसते.

सद्यस्थिती

गिरणीच्या चादरी, विशेषतः भौगोलिक निर्देशांक मिळालेली सोलापुरी चादर, आणि स्वस्त ब्लँकेटे यांमुळे वाकळीची गरज कमी झाली. शिवणाऱ्या पिढीचे वय वाढत असून, धाकट्या पिढीतील स्त्रिया नोकरी, मजुरी आणि शिक्षण यांत गुंतल्या आहेत. दुसरीकडे शहरी बाजारात हाताच्या गोधडीला कलावस्तू म्हणून मागणी आली आहे. गीता खंडेलवाल यांच्या महाराष्ट्रातील गोधड्यांवरील इंग्रजी ग्रंथाने या कलेची सविस्तर नोंद घेतली. शहरी ग्राहकापर्यंत पोहोचेपर्यंत वाढलेल्या किमतीतला किती वाटा शिवणाऱ्या हाताला मिळतो, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

अनेक घरांनी मधला मार्ग स्वीकारला आहे. रोजच्या वापराच्या आणि पाहुण्यांसाठीच्या वाकळा यंत्रावर शिवून घेतात. बाळंतपणाचे दुपटे, सासरी जाणाऱ्या लेकीची वाकळ किंवा दिवंगत आजीच्या लुगड्याची वाकळ मात्र घरी, हाताने शिवली जाते. अशा वाकळीत कोणते कापड कोणाचे, हे शिवणारीला ठाऊक असते आणि पांघरणाऱ्याला ते तिच्याकडूनच कळते. मजुरीने शिवून घेतलेल्या वाकळीतही ही ओळख राखता येते. त्यासाठी कापड निवडून, थरांचा क्रम लावून आणि वरचे ठिगळकाम घरी करून फक्त शिलाई बाहेर देतात.

हेही पाहा

घोंगडी, ठिगळकाम, कांथा, सुजनी, माणदेश, म्हसवड